एनओसी आली, आदेश बाकी आहे: लेकीला भेटायला जावं का?

ताई, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. तुम्ही दोघं न्यू जर्सीत राहता, दोघांकडे अमेरिकेचं नागरिकत्व आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकाचं) कार्ड. पूर्व विदर्भातल्या एका संस्थेतली साडेतीन वर्षांची मुलगी तुमच्यासाठी ठरली आहे. ओठ आणि टाळू दुभंगलेले होते, दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या, बोलणं अजून स्पष्ट नाही. तुम्ही स्वीकृती दिलीत, ‘कारा’ची, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाची, एनओसी (ना हरकत पत्र) आली, संस्थेने अर्ज दाखल केला आणि आता दत्तक आदेशाची वाट बघणं चालू आहे. तुमचे प्रश्न तीन. मधल्या काळात जाऊन तिला भेटावं, की भेटून परत सोडून आल्याने तिला जास्त त्रास होईल? थोडे दिवस सांगलीला आजीकडे नेता येईल का? आणि निघताना तिला काय सांगायचं?

मी पुण्यात दत्तक संस्थेत अठ्ठावीस वर्षं काम केलं. मुलांना पालकांच्या हातात देताना मी त्या खोलीत असायचे, आणि भेटून पालक परत गेल्यावर मुलांची रात्र कशी जाते तेही मी बघितलं आहे. त्यावरून सांगते.

जा. नक्की जा. पण तुमच्या मनाला धीर मिळावा म्हणून जाऊ नका, तिच्यासाठी जा. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी याच एका गोष्टीवरून देणार आहे.

आधी ‘भेटून गेलो तर ती रडेल’ या भीतीबद्दल. रडेलच. आमच्याकडेही मुलं सांभाळणाऱ्या जुन्या मावशा म्हणायच्या, ‘ताई, पालकांना मधे येऊ देऊ नका, पोरं बिघडतात.’ पालक गेले की मूल दोन दिवस जेवत नाही, चिडचिड करतं, अंथरूण ओलं करतं. न आलेल्या पालकांचं मूल मात्र आपलं शांत खेळत असतं. मग वाटतं, भेटच नको. ही समजूत फार जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये रुग्णालयात ठेवलेल्या लहान मुलांना आईवडिलांनी क्वचितच भेटावं असा नियम असायचा, आणि नर्सेसचं कारण अगदी आमच्या मावशींचंच होतं: आई येऊन गेली की मूल रडतं, नाही आली की रुळतं. जेम्स रॉबर्टसन नावाच्या समाजसेवकाने १९४८ पासून अशा वॉर्डांमध्ये बसून मुलं बारकाईने बघितली. त्याने दाखवून दिलं की आधी मूल रडून विरोध करतं, मग खचतं आणि शेवटी माणसांपासून मन काढून घेतं. नर्सेस ज्याला रुळणं म्हणत होत्या ते हे खचणं आणि मन काढून घेणं होतं. पुढे १९५९ मध्ये तिथल्या प्लॅट समितीने मुलांना भेटण्यावरची बंधनं काढायची शिफारस केली. हे सांगायचं कारण एवढंच की तुम्ही गेल्यावर ती रडली तर ते भेट चुकल्याचं लक्षण समजू नका. तिने तुमची दखल घेतली, म्हणून ती रडली.

त्रास कमी-जास्त होतो तो भेट कशी झाली आणि निरोप कसा दिला यावर. तिकडे येण्याआधी कायद्याचं थोडं सांगते, कारण वेळेचा हिशोब त्यावर आहे.

एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याबद्दलचा हेग करार १९९३ चा. भारताने तो २००३ मध्ये मान्य केला. त्याच्या कलम २९ प्रमाणे ठरावीक टप्पे पूर्ण होईपर्यंत दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी मुलाच्या आईवडिलांशी किंवा त्याला सांभाळणाऱ्यांशी थेट संपर्क ठेवायचा नाही. त्यामुळे ‘आधी चार संस्थांमधली मुलं बघून येतो’ हे चालत नाही, आणि चालू नये. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवतींनी परदेशी दत्तकाला पहिल्यांदा नीट चौकट घालून दिली, ती मुलांची ने-आण बाजारासारखी चालली होती म्हणून. आज कुणी तुम्हाला ‘ओळखीने मूल दाखवतो’ म्हणालं तर तिथून उठून या.

तुम्ही तो टप्पा कधीच ओलांडला आहे. अमेरिकेकडून आय-८०० या दत्तक अर्जाची तात्पुरती मंजुरी, मग दूतावासाचं हेग कराराच्या कलम ५ चं पत्र, मग ‘कारा’ची एनओसी, असा तुमचा क्रम झाला. आता भेटीला अडचण नाही, पण परस्पर जाऊन दारात उभं राहू नका. तुमच्या तिकडच्या अधिकृत एजन्सीमार्फत संस्थेला लेखी कळवा, तारखा मागा, उत्तर लेखी घ्या. संस्थेतल्या माणसांनाही वर बालकल्याण समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला उत्तर द्यावं लागतं. सगळं कागदावर असलं की त्यांचंही मन मोकळं राहतं.

आदेशाला किती दिवस लागतील? बाल न्याय कायद्यात दोन महिन्यांची मुदत आहे. प्रत्यक्षात ती ओलांडली गेलेली मी अनेकदा बघितली. २०२१ च्या दुरुस्तीने हे काम न्यायालयांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं, ती दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, आणि महाराष्ट्रात तर चालू प्रकरणं वर्ग करायला जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई केली. त्या काळात फायली अडकलेल्या पालकांचे फोन मी रात्री अकराला घेतले आहेत. आदेशानंतरही जन्मदाखला, ‘कारा’चं हेग कराराच्या कलम २३ चं प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिसा एवढं उरतं. म्हणून दोन महिने हा आकडा मनात धरून रजा, तिकीट, डेकेअर काहीही पक्कं करू नका. आणि लवकर व्हावं म्हणून जिल्ह्याच्या कार्यालयात कुणाची ओळख काढायला जाऊ नका. सांगलीचे काका कितीही आग्रह करोत. फाईल ताब्यात असलेल्या माणसाला दोन बाजूंनी फोन गेले की तो घाबरून फाईल बाजूला ठेवतो.

आता सांगलीला नेण्याचं.

एनओसीनंतर, आदेश व्हायच्या आधी, पालकांना मूल भारतातच दत्तकपूर्व फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे तात्पुरतं आपल्याकडे सांभाळायला, घेता येतं. ठरावीक नमुन्यात हमीपत्र द्यावं लागतं. म्हणजे कायद्याने वाट आहे. तरीही माझा सल्ला स्पष्ट आहे: तुमच्यापैकी एक जण तिचा पासपोर्ट आणि व्हिसा हातात पडेपर्यंत भारतात राहू शकत असेल तरच तिला संस्थेबाहेर घ्या. दोन आठवड्यांसाठी नेऊन परत आणून ठेवायचं असेल, तर नेऊ नका.

हे मी एका मुलामुळे शिकले. तीन वर्षांचा होता. पालक युरोपातून आले, प्रेमळ माणसं, कागद सगळे बरोबर. सोळा दिवस त्याला घेऊन एका भाड्याच्या घरात राहिले. त्याला पहिल्यांदा स्वतःचा पलंग मिळाला, बाबांच्या खांद्यावर बसून तो भाजी आणायला जायचा. रजा संपली, आदेश आला नाही, ते त्याला परत आणून सोडून गेले. परवानगीच्या कागदावर माझीही सही होती. त्यांनी त्याला निळे बूट घेतले होते. दुसऱ्या दिवसापासून तो बूट काढेना. अंघोळीला काढले तर किंचाळायचा, रात्री बूट घालून झोपायचा, आणि दिवसा दाराजवळच्या बाकावर बसून राहायचा. संस्थेतून गेलेलं मूल संस्थेत परत येतं तेव्हा त्याच्या लेखी त्याला परत केलेलं असतं. आपण हमीपत्र, आदेश, व्हिसा हे जाणतो. त्याला कुठून कळणार? पुढे चार महिन्यांनी ते आले आणि त्याला घेऊन गेले. पण पहिलं वर्षभर ते घराबाहेर पडायची तयारी करू लागले की तो धावत जाऊन आपले बूट शोधायचा, हे त्यांच्याच अहवालांतून कळत राहिलं.

म्हणून तिचं ठिकाण बदलू नका. तिचा पलंग, तिची मावशी, तिची ताटली आहे तिथेच राहू दे. तुम्ही तिच्या जगात जा आणि तिथून बाहेर या. असं झालं तर तुम्ही गेल्यावर तिचं फार तर एक माणूस लांब जातं, सगळं घर जात नाही.

किती दिवस? आठ ते दहा. तीन दिवसांची भेट मला आवडत नाही. तिसऱ्या दिवशी मूल जरा कुठे जवळ येतं आणि तुम्ही बॅग भरता. येऊन पहिले दोन दिवस नागपुरात किंवा जिथे उतराल तिथे झोप पूर्ण करा. विमानातून उतरून तसेच टॅक्सीने संस्थेत जाऊ नका. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. एका खोलीत पंधरा मुलं असतात आणि तुमचा साधा ताप तिथे आठवडाभर फिरतो.

पहिल्या दिवशी तासाभराच्या वर थांबू नका. खाली सतरंजीवर बसा. तिला उचलायला हात पुढे करू नका. ती मावशीला चिकटून असेल तर मावशीशी बोला, तिच्याकडे सारखं बघू नका. लहान मूल नव्या माणसाचा अंदाज मावशीच्या चेहऱ्यावरून बांधतं: मावशी हसून बोलते आहे म्हणजे माणूस बरा असावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जा, तेच कपडे किंवा निदान तीच ओढणी घालून. रोज एक काम मागून घ्या. आज दुपारचं भरवणं, उद्या हात-पाय धुणं, परवा वेणी. खेळण्यापेक्षा या कामांनी ओळख लवकर होते, कारण तिचा दिवस याच कामांचा आहे.

तुम्ही आत शिरलात की दहा मुलं ‘आई, आई’ करत अंगावर येतील याची तयारी ठेवा. संस्थेतली मुलं प्रत्येक बाईला आई म्हणतात. दोन-तीन तुमच्या मांडीवर चढतील आणि तुमची मुलगी लांब कोपऱ्यातून बघत राहील. कुणाला ढकलू नका, कुणाला कडेवर घेऊन फिरूही नका. प्रत्येकाशी दोन शब्द बोला आणि संस्थेच्या ताईंना वेगळी खोली किंवा व्हरांड्याचा कोपरा मागा. आणि तिच्या एकटीसाठी मोठी बाहुली नेऊ नका. तुम्ही गेल्यावर ती बाहुली तिच्याकडे अर्धा तासही राहणार नाही, उलट त्या बाहुलीपायी मुलगीच मार खाईल. सगळ्यांना मिळून खेळता येईल असं काहीतरी, तेही विचारून, आणि खाऊ तर अजिबात न विचारता नको.

आता मावशीबद्दल. मला वाटतं पालकांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. तुम्ही कागदोपत्री आई व्हाल तेव्हा व्हाल. गेली दोन वर्षं टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर चमच्याने पेज भरवणारी बाई ती आहे. तिच्याशी चढाओढ करू नका. ‘बघ, माझ्याकडे आली’ असं तिच्यासमोर कधी म्हणू नका. मुलीने तिच्याकडे धाव घेतली तर तुमचा चेहरा पडू देऊ नका. जे मूल एका बाईला घट्ट धरतं ते दुसरीलाही धरू शकतं. कुणालाच न धरणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटायची.

मावशीला परस्पर पैसे देऊ नका, तिची नोकरी धोक्यात येते. साडी-चोळी द्यायची असेल तर ती शेवटच्या दिवशी, संस्थेच्या हातून, सगळ्या मावशांना. त्यापेक्षा तिच्याजवळ बसून विचारा. मुलगी कुठल्या कुशीवर झोपते? अंगठा चोखते की कानाची पाळी धरते? कशाला घाबरते? कुकरच्या शिट्टीला, पुरुषांच्या आवाजाला, की डोक्यावर पाणी ओतण्याला? रडताना काय म्हटलं की थांबते? भात कालवून लागतो की वरण वेगळं? एका मावशीने एका आईला सांगितलं होतं, ‘तिला थोपटू नका, कपाळावरून उलटा हात फिरवा.’ असल्या गोष्टी कुठल्याच अहवालात येत नाहीत. त्या आईने परदेशात पहिल्या रात्री पाच तास रडणाऱ्या मुलीच्या कपाळावरून उलटा हात फिरवला, आणि ती झोपली.

तुमच्या लेकीच्या बाबतीत हे दुप्पट महत्त्वाचं, कारण तिचं बोलणं. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतरही बऱ्याच मुलांचा आवाज नाकातून येतो, क, ग, प, ब, ट असली अक्षरं निसटतात. तिच्या तोंडचं ‘आ-ई’ म्हणजे पाणी आहे की ताई, हे आज फक्त मावशीला कळतं. म्हणून एक दोनशे पानी वही घेऊन जा. डाव्या बाजूला ती जसं बोलते तसं लिहा, उजवीकडे त्याचा अर्थ. आवाज फोनवर रेकॉर्ड करायचा असेल तर आधी परवानगी घ्या आणि दुसऱ्या मुलांचे आवाज-चेहरे त्यात येऊ देऊ नका. मी एका आईची अशी वही बघितली आहे: ‘अअ म्हणजे भात’, ‘आमी म्हणजे चिमणी, खिडकीवरची’, ‘ऊऊ म्हणजे दूध, पण गरम असेल तरच’. त्या मुलाला नव्या देशात कुणालाच आपलं काही कळत नाही असं वाटलं नाही. भूक लागली की म्हणायचा, आणि भात समोर यायचा. ही वही पुढे तुमच्या स्पीच थेरपिस्टलाही सोन्यासारखी वाटेल.

घरी तुम्ही इंग्रजीत बोलत असाल. तिच्याशी आतापासून मराठीतच बोला, आणि जमेल तितकं तिकडच्या वळणाचं. मावशी ‘इकडं ये वो माय’ म्हणत असेल तर तुम्हीही म्हणा, सांगलीची जीभ जरा अडखळली तरी चालेल. बदलायचं तेवढं सगळं बदलणारच आहे. भाषा तरी वर्षभर तीच राहू दे.

तब्येतीचं या भेटीत उरकून घ्या. तुमच्याकडे वैद्यकीय अहवाल आहे, पण काही गोष्टी मुद्दाम विचारा. पहिली म्हणजे कानाची तपासणी. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साठून राहतं, ऐकू कमी येतं, आणि सगळे समजतात की बोलणं टाळूमुळेच मागे आहे. ऐकण्याची चाचणी झाली नसेल तर संस्थेला विनंती करा. दुसरी, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांत तो बराच आढळतो. तपासणीचा कागद आहे का, तो नुसत्या प्राथमिक चाचणीचा आहे की खात्रीच्या चाचणीचा, हे बघा. तिसरी, शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांचे मूळ कागद: तारीख, काय केलं, पुढे काय लागेल. तिकडचे सर्जन पहिल्यांदा हेच मागतात आणि नंतर न्यू जर्सीतून हे कागद मिळवणं फार जिकिरीचं होतं.

आणि भेटीत काही बघून मनात शंका आली तर? तिचं वागणं अहवालापेक्षा वेगळं वाटलं, किंवा तुम्हाला स्वतःलाच आतून झेपेल की नाही असं वाटलं? ते दाबून ठेवू नका. त्याच आठवड्यात तुमच्या एजन्सीच्या समाजसेविकेशी बोला. बहुतेक शंका माहिती मिळाल्यावर विरतात. ज्या विरत नाहीत त्या आदेशाच्या आधी कळणं मुलीच्याच हिताचं आहे. असं बोलणाऱ्या पालकांना मी कधी कमी लेखलं नाही.

आजी-आजोबांचं सांगणं जरा अवघड जाईल. त्यांची उत्सुकता मी समजू शकते. पण सात-आठ माणसं गाडी करून संस्थेत येणं, ओवाळणं, ओटी, नवं नाव ठेवणं, हे आत्ता नको. फार तर शेवटच्या दोन दिवसांत एकटी आजी येऊ दे, अर्धा तास. नाव तर अजिबात बदलू नका. तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं ते एकच आहे. आणि फोटो कुणालाही पाठवायचे नाहीत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘फक्त घरच्या ग्रुपवर’ टाकलेला फोटो चार तासांत गावभर होतो. आजीला फोटो तुमच्या फोनवर दाखवा, तिच्या फोनवर पाठवू नका.

आता निरोप. तुम्ही या प्रश्नाने सगळ्यात जास्त अस्वस्थ आहात असं मला जाणवलं.

ती झोपलेली असताना निघून येऊ नका. पुष्कळ पालक हेच करतात, आणि मावशाही हेच सुचवतात, कारण त्या क्षणी रडारड टळते. पण उठल्यावर माणूस नाहीसं झालेलं असतं, आणि मग ते मूल झोपायलाच घाबरतं. जागेपणी, उजेडात, मावशीच्या कडेवर असताना निरोप घ्या. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की उद्या आम्ही लांब जाणार. साडेतीन वर्षांच्या मुलीला कळतं; सगळं नाही, पण सांगितलं होतं एवढं कळतं.

काय सांगायचं? ‘आम्ही विमानाने आपल्या घरी चाललो. तुझे कागद व्हायचे आहेत. कागद झाले की आम्ही परत येणार. तोवर मावशी तुझ्याजवळ आहे.’ एवढंच, साध्या आवाजात. ‘उद्या येते हं’ म्हणू नका. ‘दिवाळीला नेणार’ असंही नको. दिवाळीची तारीख पंचांगात असते, तुमच्या आदेशाची नसते. तारीख चुकली की तुमचा शब्द खोटा पडतो. ‘शहाणी राहिलीस तर लवकर येऊ’ हे तर कधीच नको. मग जितका उशीर होईल तितकं तिला वाटत राहतं की आपलंच काही चुकलं. मावशीला आधी विनंती करून ठेवा की ती तिच्यासमोर म्हणेल, ‘ही तुझी आई, हे तुझे बाबा, ते तुला न्यायला येणार आहेत.’ हे तिच्या माणसाच्या तोंडून आलं की त्याला वजन येतं. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, पण गळ्यात पडून हुंदके देऊ नका. तिला तुम्हाला सावरायची पाळी यायला नको.

मागे काय ठेवायचं? दहा दिवस अंगावर घेतलेली ती सुती ओढणी, न धुता. आणि प्लॅस्टिकच्या पानांची छोटी फोटोवही: तुमचे दोघांचे चेहरे जवळून, घराचं दार, तिचा पलंग, तिची वाटी. आठ फोटो पुरेत. डिस्नेलॅंड नको. तिला जे रोज दिसणार आहे तेच दाखवा, म्हणजे पुढे ती खोलीत शिरली की पलंग ओळखेल. दोन प्रती ठेवा, एक मावशीकडे, कारण पहिली महिनाभरात फाटते.

परत गेल्यावर व्हिडिओ कॉल आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, दहा मिनिटं. तिच्या खाण्याच्या वेळी लावला तर उत्तम. समोर ताट असलं की मूल स्थिर बसतं. ती स्क्रीनकडे बघायला नकार देईल, पाठ फिरवेल, फोन ढकलेल. तो राग आहे आणि तो तुमच्यावरचा आहे, म्हणून तो घ्या. ‘बरं, आज नको वाटतंय, मी बसते इथे’ म्हणून तुम्ही गाणं म्हणत बसा. ठरलेला वार मात्र चुकवू नका. एक आई दर रविवारी तेच एक बडबडगीत म्हणायची. पाचव्या रविवारी मुलगा फोनकडे पाठ करूनच टाळ्या वाजवायला लागला.

दुसऱ्यांदा न्यायला जाल तेव्हा ती धावत येईल अशी अपेक्षा ठेवू नका. अनोळखी असल्यासारखी वागेल, कदाचित पहिल्या भेटीपेक्षाही थंड. दोन-तीन दिवस जातील. तुम्ही त्याच ओढणीत, त्याच जागी सतरंजीवर बसा.

खर्चाचंही बोलते, कारण त्याबद्दल पालक विचारायला संकोचतात. दोन वेळा दोघांची तिकिटं, राहणं, बिनपगारी रजा, हे सगळ्यांना परवडत नाही. कर्ज काढून मधली भेट करू नका. एकच खेप शक्य असेल तर ती शेवटची करा आणि लांबवा: ताबा मिळायच्या आधी आठ दिवस संस्थेत रोज जाणं, आणि मग घेऊन निघणं. तोवर फोटोवही, ओढणी कुरियरने, आणि रविवारचा कॉल. यावरही मुलं छान जोडली जातात. मधल्या भेटीला एकालाच जाता येत असेल तर जो पुढे पहिले महिने घरी तिच्याजवळ राहणार आहे त्याने जावं. मूल घरी आल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी तुमच्या एजन्सीचा पाठपुरावा अहवाल जाणार आहे. त्यासाठीही रजा शिल्लक लागते, ती आत्ताच संपवू नका.

तारखा ठरल्या की संस्थेला लिहिताना एक ओळ जास्त लिहा: तिची दुपारची झोप किती वाजता संपते? पहिली भेट त्यानंतर अर्ध्या तासाने ठेवा, तोंड धुऊन, दूध पिऊन झाल्यावर. आणि वही विसरू नका.